मातृसंस्था

माझं काम सांगायला तसं सोपं:
कुणाला आत घ्यायचं, कुठल्या खोलीपर्यंत,
आणि कधीपर्यंत.

सूर बंदराकडे पाठ करून बसलेलं हे ऑफिस.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि पडद्यावर पाच संस्था:
मस्कत, दोहा, कुवेत, रत्नागिरी,
आणि जर्मनीतली एक, जिचं नाव
तीन वर्षांनंतरही माझ्या जिभेवर बसत नाही.
पाचांची कासवं एकच.
दरवाजे मात्र पाच, आणि पाचांना वेगळी कुलुपं.

अर्धा दिवस नावांतच जातो.
दोहाच्या यादीतली एम. अल-कुवारी
कुवेतकडे मरियम बिंत राशिद.
रत्नागिरीची वृषाली खातू
लग्नानंतर मयेकर झाली, तर
तिचीच सहा महिन्यांची मोजणी तिला दिसेना.
यंत्राला वाटतं चार बायका.
मी पुरावे मागत त्यांच्या दोन करते.
ही तूच ना? आणि ही? नक्की?

मग आले खमीस अल-अरैमी.
वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही.
चाळीस वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर
बॅटरीला लाल फडकं बांधून कासवं मोजतात.
त्यांच्या वहीतले आकडे
पाचही संस्थांच्या शोधनिबंधांत आहेत.
ती वही आता फोनवर भरायची ठरली
आणि अर्जात पहिलाच रकाना: मातृसंस्था.

हिंदी-अरबीच्या खिचडीत मी विचारलं.
आई? म्हणाले. आई अय्जाची,
खाडीपलीकडची. जाळी विणायची.

यादीत अय्जा सापडेना.
शेवटी पाहुणा म्हणून घेतलं.
पाहुण्याला जामीन लागतो. जामीन मी.
मुदत नव्वद दिवस.

मी, जिचं रेसिडेंट कार्ड दोन वर्षांचं,
जिची जामीन एक कंपनी,
जिच्या बोटांचे ठसे
दर खेपेला मशीन नाकारतं, पुन्हा म्हणतं,
पुन्हा, जरा दाबून,
ती मी
खमीसकाकांची जामीन. त्यांच्याच गावात.

नव्वदावा दिवस उजाडला तेव्हा मी चिपळूणला,
भाचीच्या बारशात, घुगऱ्या वाटत होते.
मध्यरात्री यंत्राने आपलं काम चोख केलं.
काका वाळूत, हातात फोन.
आपली ओळख पटत नाही.
तीनदा प्रयत्न केला म्हणे, मग कुलूप.
पुढ्यात कासवीण मागच्या पायांनी खड्डा उकरत होती,
तिला थांबायला सांगता येत नव्हतं.

फजरच्या आधी नातवाने काढलेला फोटो
माझ्या व्हॉट्सॲपवर आला.
एक तळहात, त्यावर निळ्या पेनाने
तीन दहा, एकशे चार अंडी,
आणि खाली मनगटापर्यंत उतरत गेलेली ओळ:
ही तीच. डाव्या वल्ह्याचा तुकडा नाही.
सात वर्षांपूर्वी आली होती.

मुदत मी तिथूनच वाढवली,
पाळण्याशेजारी बसून, फोनवर.
कारण विचारलं जातं. लिहिलं: काम चालू.
तळहात चढवायला जागा नव्हती.
तो माझ्याकडेच आहे, बारशाच्या फोटोंच्या मधोमध.

परतल्यावर माफी मागायला गेले.
त्यांनी कहवा ओतला, खजुरांची ताटली सरकवली,
आणि माफीचं काही ऐकूनच घेतलं नाही.
तुझं कार्ड कधी संपतं, विचारलं.
मार्चमध्ये, म्हटलं.
त्या ऑफिसात माझ्या चुलतभावाचा मुलगा आहे,
मी येईन सोबत.

थोडं थांबून म्हणाले,
पण दहाच्या आत नको.
रात्रभर जागा असतो.